५ टक्के असायक्लोव्हिर क्रीम: गरोदरपणातल्या कोल्ड सोअरवर कितपत उपयोगी, कितपत निर्धोक

ओठाच्या कडेला आधी चुरचुर, मग पाणीदार पुटकुळ्यांचा पुंजका, त्या फुटून ओली जखम आणि शेवटी पिवळसर खपली, असा ज्याचा ठरलेला क्रम असतो त्या कोल्ड सोअरवर औषधाच्या दुकानात सहज मिळणारे औषध म्हणजे ५ टक्के असायक्लोव्हिर असलेले क्रीम. अनेक कंपन्या ते निरनिराळ्या नावांनी विकतात आणि 'झोव्हिरॅक्स' हे त्यांतले जुने नाव आहे. परंतु आतला घटक आणि त्याचे प्रमाण एकच असल्यामुळे हे परीक्षण कोणा एका कंपनीचे नसून त्या औषधाचे आहे. मी हे क्रीम गरोदर असताना माझ्या स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारून वापरले आणि बाळंतपणानंतरही वापरले. माझे मत आधीच सांगते. हे क्रीम फोड झटपट घालवत नाही. मात्र गरोदर स्त्रीने ओठाला लावण्याजोग्या विषाणूविरोधी औषधांमध्ये ज्याच्याविषयी सर्वांत जास्त माहिती जमा झालेली आहे असे औषध हेच आहे, आणि त्या नऊ महिन्यांत मला हा गुण वेगापेक्षा फार मोलाचा वाटला.

कोल्ड सोअर हर्पिस सिम्प्लेक्स या विषाणूमुळे, बहुतेक वेळा त्याच्या पहिल्या प्रकारामुळे, होतो. जगातील ५० वर्षांखालील लोकांपैकी सुमारे दोन तृतीयांश लोकांच्या शरीरात हा विषाणू असतो, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यांतल्या अनेकांना तो आपल्या अंगात आहे याचा पत्ताही नसतो. लहानपणी कधीतरी कोणाच्या तरी लाळेतून तो येतो, मज्जातंतूंच्या वाटेने चेहऱ्याच्या मुळाशी असलेल्या ट्रायजेमिनल गाठीत जाऊन बसतो आणि पुढे आयुष्यभर तिथेच राहतो. ताप, कडक ऊन, अपुरी झोप, मनावरचा ताण किंवा शरीराच्या प्रतिकारशक्तीतला बदल झाला, की तो पुन्हा जागा होऊन त्याच मार्गाने ओठापर्यंत परततो. गरोदरपणात यांतली बरीच कारणे एकत्र येतात, त्यामुळे वर्षानुवर्षे न उठलेला फोड नेमका या काळात उठला, तर त्यात आश्चर्य वाटण्यासारखे काही नाही.

या प्रसंगी बहुतेक स्त्रियांच्या मनात पहिली भीती येते ती पोटातल्या बाळाची. ज्या स्त्रीला पूर्वीपासून ओठावर फोड येत आलेले आहेत, तिला गरोदरपणात पुन्हा फोड आला म्हणून गर्भाला धोका निर्माण होत नाही, कारण ओठावरचा विषाणू ओठापुरताच मर्यादित राहतो, रक्तातून वारेपर्यंत पोहोचत नाही, आणि शिवाय आईच्या रक्तात त्याच्याविरुद्ध तयार झालेल्या अँटिबॉडी वारेतून बाळाकडे जाऊन जन्मानंतरचे काही महिने त्याला थोडेफार संरक्षणही देतात. याचा अर्थ असा, की अशा नेहमीच्या फोडावर काहीच औषध लावले नाही तरी चालते. तो सात ते दहा दिवसांत आपोआप बरा होतो. हे क्रीम वापरण्याचा निर्णय म्हणजे बाळाला वाचवण्याचा निर्णय नसून स्वतःचा ठणका आणि त्रास थोडा कमी करण्याचा निर्णय आहे, आणि म्हणूनच त्यात धोका किती हे तोलून पाहणे योग्य ठरते.

तो धोका समजण्यासाठी औषध काम कसे करते हे जाणून घेणे उपयोगाचे आहे. बरोज वेलकम या कंपनीच्या प्रयोगशाळेत गर्ट्रूड एलियन यांच्या नेतृत्वाखाली १९७० च्या दशकात असायक्लोव्हिरवर काम झाले, आणि औषधनिर्मितीच्या मूलभूत तत्त्वांच्या शोधासाठी एलियन यांना १९८८ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. असायक्लोव्हिरचे वैशिष्ट्य असे, की ते पेशीत शिरते तेव्हा निष्क्रिय असते. त्याला कामाला लावणारे थायमिडिन कायनेज हे विकर (एन्झाइम) विषाणू स्वतःच तयार करतो. जणू कुलपाची किल्ली चोराच्याच खिशात ठेवलेली असावी. ज्या पेशीत विषाणू वाढत आहे तिथेच औषध जागे होते, विषाणूच्या डीएनएची साखळी मध्येच खुंटवते आणि त्याची वाढ थांबवते; निरोगी पेशींमध्ये ते जवळजवळ निष्क्रियच राहते. विषाणूविरोधी औषधांमध्ये इतका नेमका भेद करणारी औषधे फार नाहीत.

दुसरी गोष्ट म्हणजे क्रीम ओठावर लावल्यावर त्यातला औषधी घटक रक्तात उतरतो तो अत्यल्प, जवळजवळ मोजता न येण्याइतका. गोळीच्या रूपात घेतलेले असायक्लोव्हिर वार ओलांडून गर्भापर्यंत पोहोचते, ही गोष्ट खरी आहे; आणि तरीही गोळीविषयीची माहितीसुद्धा दिलासा देणारीच आहे. १९८४ पासून १९९० च्या दशकाच्या अखेरपर्यंत चाललेल्या एका नोंदवहीत, गरोदरपणी असायक्लोव्हिर घेतलेल्या हजाराहून अधिक स्त्रियांच्या बाळंतपणांची माहिती गोळा करण्यात आली, आणि त्यात जन्मजात व्यंगांचे प्रमाण सर्वसाधारण प्रमाणापेक्षा वाढलेले आढळले नाही. त्यानंतर डेन्मार्कमध्ये १९९६ ते २००८ या काळात जन्मलेल्या ८ लाख ३७ हजारांहून अधिक बाळांच्या नोंदी तपासल्या गेल्या आणि २०१० मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पहिल्या तिमाहीत असायक्लोव्हिर किंवा त्याच्या जातकुळीतली औषधे पोटात घेतलेल्या १,८०४ स्त्रियांच्या बाळांमध्ये मोठ्या जन्मजात व्यंगांचे प्रमाण २.२ टक्के होते, तर ही औषधे न घेतलेल्या स्त्रियांच्या बाळांमध्ये ते २.४ टक्के होते. त्याच अभ्यासात पहिल्या तिमाहीत असायक्लोव्हिरचे क्रीम वापरलेल्या अडीच हजारांहून अधिक स्त्रियाही होत्या, आणि त्यांच्याबाबतीतही धोका वाढल्याचे दिसले नाही.

हे सारे असूनही ट्यूबबरोबरच्या माहितीपत्रकात मात्र वाचायला मिळते, की 'संभाव्य फायदा संभाव्य धोक्यापेक्षा अधिक असेल तरच गरोदरपणात वापरावे'. हे वाक्य वाचून अनेक जणी ट्यूब कपाटात ठेवून देतात, तर काही जणी आधी वापरलेले आठवून घाबऱ्या होतात. ती भाषा मुळात सावधगिरीची आणि कायदेशीर जबाबदारीची आहे. गरोदर स्त्रियांवर नव्या औषधांच्या चाचण्या सहसा केल्या जात नाहीत, त्यामुळे कंपनी 'निर्धोक' असा शब्द छापत नाही, आणि जवळपास प्रत्येक औषधाच्या कागदावर हेच वाक्य थोड्याफार फरकाने येते. मला या माहितीपत्रकांविषयी खरोखर खंत वाटते. जे औषध कित्येक वर्षे वापरात आहे आणि जे आजवर फारसे वापरलेच गेलेले नाही, अशा दोन्ही औषधांपुढे तेच वाक्य छापले, तर वाचणाऱ्या स्त्रीने त्यांच्यात भेद कसा करायचा? तो भेद डॉक्टर करू शकतात. त्यामुळे क्रीम साधे असले, दुकानात चिठ्ठीशिवाय मिळत असले तरीही आपल्या प्रसूतितज्ज्ञांना एकदा विचारूनच ते लावावे असे मी आग्रहाने सांगेन; त्यांना तुमची इतर औषधे, पूर्वीचे आजार आणि गरोदरपणाचा महिना माहीत असतो.

आता उपयोगाविषयी. औषधाच्या चाचण्यांमध्ये या क्रीममुळे फोड बरा होण्याचा काळ सरासरी अर्ध्या दिवसाने कमी झालेला दिसतो. ज्यांना एका रात्रीत ओठ पूर्ववत होण्याची अपेक्षा आहे त्यांची निराशा होईल. माझ्या अनुभवातही खपली धरण्याचा आणि ती गळून पडण्याचा क्रम चुकला नाही. फरक जाणवला तो फोडाच्या आकारात आणि ठणक्यात, आणि तोही ओठ नुसता चुरचुरत असताना, काही दिसण्यापूर्वीच, क्रीम लावले तेव्हा. याचे कारण स्पष्ट आहे: विषाणूची वाढ पहिल्या एक-दोन दिवसांतच कळसाला पोहोचते, आणि पुटकुळ्या फुटून जखम ओली झाली की पुढचे काम शरीराच्या दुरुस्तीचे असते, ज्यात विषाणूची वाढ रोखणाऱ्या औषधाचा फारसा हात नसतो. खपली धरल्यानंतर ट्यूब विकत घेणे हा पैशांचा अपव्यय आहे. ज्यांना वारंवार फोड येतात त्यांनी गरोदरपणाच्या सुरुवातीलाच डॉक्टरांशी बोलून ट्यूब घरात ठेवावी, म्हणजे पहिली चुरचुर जाणवली त्याच तासाला ती लावता येईल.

लावण्याची पद्धत कागदावर सोपी आहे: जागेपणी साधारण चार-चार तासांच्या अंतराने दिवसातून पाच वेळा, चार ते पाच दिवस, पातळ थर, दहा दिवसांत फोड बरा झाला नाही तर डॉक्टरांकडे जावे. प्रत्यक्षात गरोदरपणी यात अडचणी येतात. मळमळ आणि उलट्या होत असतील तर तोंड सतत धुवावे लागते आणि क्रीम निघून जाते. त्यामुळे खाण्याच्या किंवा दात घासण्याच्या आधी न लावता नंतर लावणे सोयीचे पडते. क्रीम जिभेला लागले तर त्याची चव कडवट लागते, आणि ज्यांना त्या दिवसांत कशाचीही चव सहन होत नाही त्यांना हा मोठा त्रास वाटू शकतो. ओठाच्या कडेला पांढरट थर दिसत राहतो. क्रीमच्या मूळ मिश्रणात प्रोपिलीन ग्लायकॉल आणि सेटोस्टिअरिल अल्कोहोल यांसारखे घटक असतात, त्यांच्यामुळे लावल्यावर क्षणभर झोंबते आणि दोन दिवसांनी त्वचा कोरडी पडून तिचे पापुद्रे निघतात. हा या औषधाचा मला सर्वांत खटकलेला दोष आहे. कोरडेपणा कमी करण्यासाठी साधी पेट्रोलियम जेली थोड्या वेळाने वरून लावली तर बरे वाटते, मात्र ती डबीतून बोटाने न घेता प्रत्येक वेळी नव्या कापसाच्या काडीवर घ्यावी. झोंबण्याऐवजी सूज, खाज किंवा पुरळ उठले तर ती ॲलर्जी असू शकते आणि अशा वेळी क्रीम थांबवले पाहिजे.

क्रीम चोळू नये, नुसते टेकवावे, आणि ट्यूबचे तोंड फोडाला लावू नये. लावण्यापूर्वी आणि लावल्यानंतर हात साबणाने धुणे हा उपचाराचाच भाग आहे, कारण त्याच बोटाने डोळा चोळला तर विषाणू डोळ्याच्या पारदर्शक पडद्यावर जाऊन दृष्टीला इजा करू शकतो. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी याबाबतीत दुप्पट जपावे. ट्यूब घरातल्या दुसऱ्या कोणालाही देऊ नये. तोंडाच्या आत, डोळ्यांत किंवा योनीमार्गात हे क्रीम लावायचे नसते. असायक्लोव्हिरचे डोळ्यांसाठीचे मलम निराळे, ३ टक्क्यांचे असते, आणि एकाच्या जागी दुसरे वापरून चालत नाही, म्हणून वेष्टनावरचा मजकूर दुकानातच नीट वाचून घ्यावा.

दुकानात याच फळीवर आणखी काही औषधे असतात, त्यांच्याकडे पाहू. डोकोसॅनॉल १० टक्के हे क्रीम विषाणूला पेशीत शिरण्यापासून अडवते आणि चाचणीत त्याने बरे होण्याचा काळ सुमारे १८ तासांनी कमी केला, म्हणजे परिणामात ते असायक्लोव्हिरच्या बरोबरीचे म्हणता येईल; पेन्सिक्लोव्हिर १ टक्का हेही चांगले आहे, पण ते जागेपणी दर दोन तासांनी लावावे लागते. या दोन्हींमुळे गर्भाला इजा झाल्याचे पुरावे नाहीत, परंतु गरोदर स्त्रियांमधला त्यांचा अनुभव असायक्लोव्हिरच्या तुलनेत तोकडा आहे. उपयोग जवळजवळ सारखा आणि माहिती कमी, असा हिशेब असेल तर गरोदरपणी मी जुन्या औषधाकडेच झुकेन.

एका पर्यायाविषयी मात्र मला मनापासून चांगले सांगायचे आहे, तो म्हणजे हायड्रोकोलॉइडची पारदर्शक चकती, जी छोट्या पट्टीसारखी फोडावर चिकटते. तिच्यात औषधच नसते, त्यामुळे गर्भाचा प्रश्नच उद्भवत नाही. ती जखम ओलसर आणि झाकलेली ठेवते, खपली फाटू देत नाही, आणि तिच्यामुळे बोटे जखमेला लागत नाहीत. ती असायक्लोव्हिर क्रीमशी ताडून पाहिलेल्या चाचणीत बरे होण्याचा काळ दोन्हींत जवळपास सारखाच आढळला. तिची अडचण एवढीच, की क्रीम लावलेल्या ओठावर ती चिकटत नाही, म्हणून दोन्हींतले एकच निवडावे लागते. माझा कल असा, की चुरचुर सुरू होताच क्रीम लावावे, आणि ती वेळ हुकली असेल, फोड फुटून गेला असेल, तर क्रीमचा नाद सोडून चकती लावावी. ज्यांना पहिल्या तिमाहीत कोणतेच औषध नको वाटते त्यांच्यासाठी तर ही चकती उत्तमच आहे.

मधाचा उल्लेख अनेक जण करतात. न्यूझीलंडमध्ये ९५२ प्रौढांवर झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत कानुका झाडाच्या फुलांपासून मिळणारा औषधी दर्जाचा मध आणि ५ टक्के असायक्लोव्हिर क्रीम यांच्या परिणामात लक्षणीय फरक दिसला नाही. फोड बरा होण्याचा मध्यक काळ अनुक्रमे ९ आणि ८ दिवस होता. तो मध निर्जंतुक केलेला होता, बरणीतला नव्हे, हे ध्यानात ठेवावे. घरात एक वर्षाखालचे मूल असेल तर ओठाला मध लावून त्याच्याजवळ वावरूही नये, कारण मधातून बोट्युलिझम या गंभीर विषबाधेचे जीवाणू बाळाच्या पोटात जाऊ शकतात. लायसिन या अमिनो आम्लाच्या गोळ्यांनी फोड टळतात असे बरेचदा सांगितले जाते, पण त्याला आधार देणारा ठोस पुरावा चाचण्यांमधून मिळालेला नाही, आणि गरोदरपणात त्या मोठ्या मात्रेत घेणे कितपत योग्य याची पुरेशी तपासणी झालेली नाही. त्या मी घेतल्या नाहीत आणि कोणाला सुचवणारही नाही.

काही गोष्टी स्पष्टपणे टाळाव्यात. असायक्लोव्हिरबरोबर हायड्रोकॉर्टिसोन हे स्टिरॉइड असलेले मिश्रण मिळते, ते डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय वापरू नये. आणि नुसते स्टिरॉइडचे मलम, जे पुष्कळ घरांत कोणत्याही पुरळावर लावण्यासाठी पडून असते, ते फोडावर लावले तर विषाणूला मोकळे रान मिळून जखम पसरते. पोव्हिडोन आयोडिन हे जंतुनाशक गरोदरपणी वारंवार लावू नये, कारण त्यातले आयोडिन त्वचेतून शोषले जाऊन बाळाच्या थायरॉइड ग्रंथीवर परिणाम करू शकते. कापूर असलेली ओठांची मलमे चाटली जाऊन पोटात जातात, म्हणून तीही नकोत. ठणका असह्य झाला तर डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत पॅरासिटामॉल घेता येते. आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामके मात्र आपल्या मनाने घेऊ नयेत, विशेषतः २० व्या आठवड्यानंतर, कारण त्यांचा बाळाच्या मूत्रपिंडांवर आणि गर्भजलाच्या प्रमाणावर परिणाम होऊ शकतो. स्वच्छ कापडात गुंडाळलेला बर्फ काही मिनिटे टेकवणे हा उपाय साधा आहे आणि ठणका कमी करण्यात तो कोणत्याही मलमाच्या मागे नाही.

या क्रीमची खरी मर्यादा अशी, की ते फक्त नेहमीच्या, पुन्हा उठलेल्या फोडासाठी आहे. ज्या स्त्रीला आयुष्यात कधीही असा फोड आलेला नाही आणि जिला गरोदरपणात प्रथमच ताप, हिरड्यांना सूज, तोंडभर फोड, घसा दुखणे आणि गळ्याच्या गाठी सुजणे असे सगळे एकदम झाले आहे, तिने ट्यूबच्या नादी न लागता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. पहिल्या संसर्गात शरीरात अँटिबॉडी तयार नसतात आणि डॉक्टर बहुधा असायक्लोव्हिरच्या गोळ्या देतात. त्या गोळ्या गरोदरपणात दिल्या जातात आणि वर सांगितलेली आकडेवारी त्यांनाच आधार देणारी आहे, म्हणून डॉक्टरांनी लिहून दिल्यावर त्या घ्यायला कचरू नये. क्वचित, विशेषतः शेवटच्या तिमाहीत, हा संसर्ग यकृतापर्यंत पसरतो; खूप ताप, गुंगी किंवा पोटाच्या वरच्या उजव्या भागात दुखणे ही लक्षणे असतील तर थेट रुग्णालय गाठावे.

जननेंद्रियांजवळ फोड किंवा जखम असेल तर तो प्रश्न पूर्णपणे वेगळा आहे आणि तो लपवू नये. गरोदरपणाच्या अखेरीस जननेंद्रियांचा हर्पिस पहिल्यांदाच झाला तर प्रसूतीच्या वेळी बाळाला संसर्ग होण्याचा धोका ३० ते ५० टक्क्यांपर्यंत असतो, तर जुन्या संसर्गाच्या पुनरावृत्तीत तो फारच कमी असतो. ओठावरचा पहिल्या प्रकारचा विषाणू मुखमैथुनातून जननेंद्रियांपर्यंत पोहोचू शकतो, त्यामुळे पतीच्या ओठावर फोड असताना किंवा त्याला तो येण्याची चुरचुर जाणवत असताना असा संबंध टाळणे गरजेचे आहे. पूर्वीपासून जननेंद्रियांचा हर्पिस असलेल्या स्त्रियांना साधारण ३६ व्या आठवड्यापासून प्रसूतीपर्यंत विषाणू दाबून ठेवणाऱ्या गोळ्या दिल्या जातात. तिथे क्रीमचे काहीच काम नाही. ही गोष्ट तपासणीच्या खोलीत बोलायला अवघड जाते याची मला जाणीव आहे, पण डॉक्टर ती रोज ऐकतात आणि त्यांना ती वेळेत कळली तर बाळाचा मोठा धोका टळतो.

फोड नसलेल्या गोष्टींवरही हे क्रीम लावले जाते. ओठांच्या कोपऱ्यांत पडणाऱ्या चिरा गरोदरपणात लोहाच्या कमतरतेने किंवा बुरशीने होऊ शकतात. तोंडाच्या आत गालाला किंवा जिभेला येणारे पांढरे व्रण, ज्याला आपण तोंड येणे म्हणतो, ते हर्पिसचे नसतात. यांवर असायक्लोव्हिर लावून काहीही साधत नाही. दोन-तीन दिवस क्रीम लावूनही जखमेतून मधाच्या रंगाची लस येऊन जाड खपल्या धरू लागल्या, तर त्यावर जीवाणूंचा संसर्ग झालेला असू शकतो आणि त्याला वेगळे औषध लागते. फोड ओला असताना दंतवैद्याची वेळ ठरलेली असेल तर कळवून ती पुढे ढकलावी. उपचार करताना विषाणू पसरू शकतो, म्हणून तेही हेच सुचवतात.

बाळ जन्मल्यानंतर मात्र सारा हिशेब उलटतो, आणि या विषयात मला सर्वांत कळकळीने सांगायचे आहे ते इथेच. गर्भात सुरक्षित असलेले बाळ बाहेर आल्यावर ओठावरच्या त्याच फोडापुढे असुरक्षित होते. नवजात बाळाचा हर्पिस दुर्मीळ आहे, जगभरात साधारण दर १०,००० जन्मांमागे एक, पण तो झाला तर मेंदू, यकृत आणि फुप्फुसांवर जातो आणि जिवावर बेततो. बहुतेक बाळांना तो प्रसूतीच्या वेळी होतो. साधारण दहांपैकी एकाला जन्मानंतर, कोणाच्या तरी पाप्यातून किंवा न धुतलेल्या हातातून. क्रीम लावल्याने फोड संसर्गजन्य राहत नाही, असा समज ठेवू नये. खपली पूर्ण गळून खाली नवी त्वचा येईपर्यंत आईने, वडिलांनी, आजी-आजोबांनी, आत्या-मावशीने, कोणीही बाळाचा पापा घेऊ नये, आणि बाळाला घेण्यापूर्वी हात धुवावेत. आईला फोड असेल तर मास्क लावून किंवा चकतीने फोड झाकून बाळाला घ्यावे. वडीलधाऱ्यांना नको म्हणणे जड जाते, पण या एका गोष्टीत भीड बाळगू नये.

स्तनपान थांबवण्याचे कारण नाही. ओठावर लावलेल्या क्रीममधून दुधात जाणारे औषध नगण्य असते, आणि हर्पिस झालेल्या नवजात बाळांना हेच असायक्लोव्हिर शिरेवाटे कितीतरी मोठ्या मात्रेत द्यावे लागते, यावरून त्याविषयीचा वैद्यकीय विश्वास कळतो. फक्त स्तनावर फोड असेल तर त्या बाजूने पाजू नये, आणि पंपाचा भाग त्या फोडाला लागला असेल तर ते दूध टाकून द्यावे. दुसऱ्या बाजूने पाजण्यास हरकत नसते. पहिल्या सहा आठवड्यांत बाळाला ताप आला किंवा त्याचे अंग गार पडले, ते दूध ओढेनासे झाले, सुस्त पडून राहिले, चिडचिड थांबेना, झटके आले किंवा अंगावर कुठेही पाणीदार फोड दिसला, तर सकाळची वाट न पाहता त्याच क्षणी रुग्णालयात न्यावे आणि घरात कोणाला कोल्ड सोअर झाला होता हे डॉक्टरांनी विचारण्याआधीच त्यांना सांगावे, कारण या आजारात असायक्लोव्हिरचे इंजेक्शन किती लवकर सुरू झाले यावर पुष्कळ काही अवलंबून असते.